बारा लाखांच्या उंबरठ्यावरची जोडकमाई

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडताना बारा लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही, अशी घोषणा केली आणि नोकरदार मध्यमवर्गाने तिचे मनापासून स्वागत केले. पगारदारांना मिळणारी पंच्याहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरली, तर ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत माहिती तंत्रज्ञान, बँका आणि विमा क्षेत्रांत नोकरी करणारा मोठा वर्ग या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडेच वावरतो. मात्र याच वर्गातील जी मंडळी नोकरी सांभाळून रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामे करतात, त्यांच्यावर या घोषणेचा काय परिणाम होतो, याची चर्चा फारशी झाली नाही. कुणी एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ तयार करून देतो, कुणी भाषांतरे करते, कुणी इमारतींचे आराखडे काढतो, कुणी यूट्यूबवर पाककृती दाखवते. पगारावर कर नाही, तर एवढ्याशा जोडकमाईवर कसला कर, असा या सर्वांचा साधा समज असतो आणि तो चुकीचा आहे.

आकडेच पाहावेत. समजा, एका संगणक अभियंत्याचा वार्षिक पगार १२ लाख ७५ हजार आहे. प्रमाणित वजावटीनंतर त्याचे करपात्र उत्पन्न बरोबर बारा लाख होते. दर नव्या करप्रणालीप्रमाणे त्यावर ६० हजार रुपये कर निघतो. पण कलम ८७ एखाली तो पूर्ण माफ होतो आणि कंपनी त्याच्या पगारातून एक रुपयाही कापत नाही. आता या अभियंत्याने वर्षभरात बाहेरच्या कामाचे एक लाख रुपये मिळवले. कायद्यातील अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीनुसार त्यातील निम्मी रक्कम, म्हणजे ५० हजार, नफा म्हणून दाखवता येते. एकूण उत्पन्न साडेबारा लाख झाले. करमाफीची रेषा ओलांडली गेली आणि माफ झालेला सगळा कर पुन्हा अंगावर आला. सीमांत सवलत नावाची एक सोय असल्यामुळे तो कर बारा लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा अधिक होत नाही, एवढाच दिलासा. म्हणजे वरच्या ५० हजारांवर कर ५० हजार आणि त्यावर चार टक्के उपकर धरून ५२ हजार. लाखभर रुपयांच्या कमाईतील निम्म्याहून अधिक रक्कम सरकारजमा होते!

हेच काम भाषांतराचे असेल तर स्थिती आणखी बिकट होऊ शकते. भाषांतरकाराचा व्यवसाय अनुमानित उत्पन्नाच्या यादीत स्पष्टपणे येत नाही. त्याला खरा खर्च वजा करून खरा नफा दाखवावा लागतो आणि भाषांतराला खर्च तो काय येणार? पूर्ण लाख रुपये नफा धरला, तर एकूण उत्पन्न तेरा लाख, कर ७५ हजार आणि उपकरासह ७८ हजार. शंभरातले अठ्ठ्याहत्तर रुपये. एवढा दर तर कोट्यधीशालाही लागत नाही.

या विचित्र गणिताचे मूळ 'करमुक्त' आणि 'करमाफ' या दोन शब्दांमधील फरकात आहे. बारा लाखांचे उत्पन्न करमुक्त नाही. करमुक्त आहेत ते केवळ पहिले चार लाख. त्यापुढे चार ते आठ लाखांवर पाच टक्के, आठ ते बारा लाखांवर दहा टक्के, बारा ते सोळा लाखांवर पंधरा टक्के असा कर आकारला जातोच. एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत राहिले तरच तो माफ होतो. बारा लाखांपुढील साधारण साडेसत्तर हजार रुपयांच्या पट्ट्यात मिळवलेला प्रत्येक रुपया जवळपास संपूर्णपणे करात जातो. त्यानंतर दर हळूहळू माणसात येतो. वरच्याच अभियंत्याने चार लाखांचे बाहेरचे काम केले आणि निम्मा नफा दाखवला, तर एकूण उत्पन्न चौदा लाख आणि कर उपकरासह ९३,६०० रुपये होतो. चार लाखांवर ९३ हजार हे ओझे जड आहे, पण समजण्याजोगे आहे. एक लाखावर ५२ हजार हे समजण्याजोगे नाही.

अर्थात, ज्याचा पगारच या रेषेच्या जरा वर आहे, त्यालाही हाच कर भरावा लागतो. समान उत्पन्नावर समान कर हे तत्त्व मान्य केले, तर जोडकाम करणाऱ्यावर वेगळा अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. फरक आहे तो कराच्या वसुलीत. पगारवाढ झालेल्याचा कर कंपनीचा लेखा विभाग महिन्याला थोडा थोडा कापतो. जोडकाम करणाऱ्याला ही रेषा आपण ओलांडली आहे, हे सांगणारा कुणीही नसतो आणि बहुतेकांना ते कळते ते विवरणपत्र भरताना, तेही पैसे खर्च होऊन गेल्यावर.

नोकरीला जोड देण्याची रीत मराठी मध्यमवर्गाला नवीन नाही. दिवसा कचेरीत काम करून संध्याकाळी शिकवण्या घेणारे, दुकानदारांची खतावणी लिहून देणारे, टंकलेखनाची कामे घरी आणणारे कारकून ही गिरगाव-दादरच्या चाळींची ओळखीची पात्रे होती. विम्याची एजन्सी पत्नीच्या नावावर घ्यायची आणि पॉलिसी मात्र स्वतः विकायच्या, हा तर सर्वमान्य शिरस्ता होता. ती कमाई रोखीची होती, छोटी होती आणि कर खात्याच्या नजरेपलीकडे होती. (मराठीत 'वरकमाई' या शब्दाला लाचेचा वास चिकटला, त्यामुळे या प्रामाणिक कमाईला धड नावही मिळाले नाही.) आता कमाई तशीच आहे, पण ती बँक खात्यात जमा होते. काम देणारी कंपनी पॅन क्रमांक मागते, कर कापते आणि त्याची नोंद खात्याला कळवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्राप्तिकर खात्याने वार्षिक माहिती विवरण, अर्थात एआयएस, सुरू केले. करदात्याच्या पॅनवर नोंदलेले पगार, व्याज, लाभांश, व्यावसायिक शुल्क असे व्यवहार त्यात एका ठिकाणी दिसतात. जोडकमाई लपवता येईल, हा समज त्या दिवसापासून कालबाह्य झाला.

दुसरा समज अधिक घातक आहे. 'दहा टक्के टीडीएस कापला आहे, म्हणजे कर भरून झाला' असे मानणारे सुशिक्षित लोकही कमी नाहीत. व्यावसायिक शुल्कावर कापले जाणारे हे दहा टक्के म्हणजे हप्ता आहे. तो कापताना देणाऱ्या कंपनीला त्या व्यक्तीचा पगार किती, ती कोणत्या करटप्प्यात येते, याची कल्पनाही नसते. लाखाच्या कमाईवर दहा हजार कापले गेले, तर उरलेले ४२ हजार भरायचेच असतात. त्यातही एका वर्षात एका कंपनीकडून मिळालेली रक्कम पन्नास हजारांपर्यंत असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून हे दहा टक्केही कापले जात नाहीत; पूर्वी ही मर्यादा तीस हजार होती. चार ग्राहकांकडून चाळीस-चाळीस हजार घेणाऱ्याच्या हाती सगळे पैसे येतात आणि कराची आठवण करून देणारी एकही नोंद मागे राहत नाही. परदेशी ग्राहक तर भारतातला टीडीएस सहसा कापतच नाही. याच्या उलट टोकाला समाजमाध्यमांवरील लोकप्रिय मंडळी आहेत. एखाद्या कंपनीने त्यांना पैशांऐवजी महागडा फोन दिला आणि वर्षभरातील अशा भेटींचे मूल्य वीस हजारांवर गेले, तर जुलै २०२२ पासून त्यावरही दहा टक्के कर कापणे बंधनकारक आहे. तो फोन उत्पन्नातही धरावा लागतो.

या अडचणीवर कायद्यात एक उपाय आहे आणि या विषयातील खरा पेच तिथेच आहे. कर्मचाऱ्याने आपले अन्य उत्पन्न मालकाला कळवले, तर मालक ते हिशेबात घेऊन पगारातूनच एकूण कर कापू शकतो, अशी तरतूद १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १९२ मध्ये होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्यत्र कापलेला कर मालकाला कळवण्यासाठी स्वतंत्र नमुनाही आला. कागदावर ही सोय उत्तम आहे. कर महिन्याला कापला जाईल, आगाऊ कराची कटकट नाही, व्याज नाही. पण मुदत ठेवीचे व्याज मालकाला कळवणे आणि बाहेरून घेतलेल्या कामाचे पैसे मालकाला कळवणे यात महदंतर आहे. बहुसंख्य खासगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रात लेखी परवानगीशिवाय अन्य काम न करण्याची अट असते. ज्या खिडकीवर कराची माहिती द्यायची, त्याच इमारतीत शिस्तभंगाची कारवाई करणारा विभाग बसलेला असतो.

२०२२ साली हा प्रश्न देशभर गाजला. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी ऑगस्टमध्ये 'मूनलायटिंग' म्हणजे सरळ फसवणूक आहे, असे मत समाजमाध्यमावर मांडले आणि सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या तीनशे कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे सांगितले. इन्फोसिसने आधी दुहेरी नोकरीविरुद्ध ताकीद दिली. मात्र ऑक्टोबरमध्ये, हितसंबंधांना बाधा न येणारी बाहेरची कामे पूर्वपरवानगीने करता येतील, असे कळवले. स्विगीने तर ऑगस्टमध्येच अशा कामांना परवानगी देणारे धोरण जाहीर केले होते. त्यानंतर वादाचा धुरळा बसला, पण अट कायम राहिली. परवानगी मागण्याऐवजी गप्प राहणे सोयीचे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. त्या गप्प राहण्याची सवय मग कराच्या बाबतीतही लागते आणि नोकरीतील करारभंगाचा प्रश्न नकळत करचुकवेगिरीचा होऊन बसतो.

वास्तविक या दोन गोष्टी अलग ठेवता येतात. उत्पन्न मिळवताना नेमणूकपत्रातील अट मोडली गेली की नाही, याच्याशी प्राप्तिकर खात्याला कर्तव्य नाही. करदात्याची माहिती खाते मालकाला परस्पर कळवत नाही आणि विवरणपत्र मालकाच्या हाती जाण्याचे कारण नाही. भीती आहे ती दुसऱ्या वाटेने. नोकरी बदलताना काही कंपन्या पूर्वेतिहास तपासण्यासाठी उमेदवाराकडूनच फॉर्म २६ एएस मागतात आणि त्यात कर कापणाऱ्या प्रत्येकाचे नाव असते. बाहेरचे काम नोकरीच्या स्वरूपाचे असेल, तर भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातही दुसऱ्या मालकाची वर्गणी दिसते. शुल्क घेऊन केलेल्या स्वतंत्र कामात भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न येत नाही.

स्वतंत्र काम आणि दुसरी नोकरी हा भेद कराच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. दोन ठिकाणी पगार घेणाऱ्याला दोन्ही मालक आपापल्या परीने करमाफी आणि प्रमाणित वजावट देऊन टाकतात. बारा-बारा लाखांच्या दोन पगारांवर, एकमेकांना पत्ता नसलेले दोन मालक शून्य कर कापतील. प्रत्यक्षात चोवीस लाखांवर प्रमाणित वजावट एकदाच मिळून २ लाख ९२ हजार ५०० रुपये कर होतो. वर्षअखेर ही रक्कम एकदम समोर उभी राहते.

मालकाला न सांगता कायदा पाळण्याचा मार्ग म्हणजे आगाऊ कर. टीडीएस वजा जाता दहा हजार किंवा अधिक कर बाकी राहत असेल, तर तो वर्ष संपण्यापूर्वीच भरायचा असतो. १५ जूनपर्यंत पंधरा टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत पंचेचाळीस, १५ डिसेंबरपर्यंत पंच्याहत्तर आणि १५ मार्चपर्यंत सगळा. अनुमानित उत्पन्नाची पद्धत घेणाऱ्यांना एकच तारीख, १५ मार्च. हे पैसे पॅन क्रमांकावर ऑनलाइन भरता येतात आणि त्यात मालकाचा संबंध येत नाही. वरच्या उदाहरणातील अभियंत्याने ४२ हजार १५ मार्चपूर्वी न भरता जुलैत विवरणपत्रासोबत भरले, तर त्याला दोन कलमांखाली मिळून साधारण एकवीसशे रुपये व्याज पडेल. रक्कम मोठी नाही, पण ती दरवर्षी पडत राहते. पगारदारांच्या पिढ्यान् पिढ्या आगाऊ कर हा व्यापाऱ्यांचा विषय मानत आल्या असल्याने १५ मार्च ही तारीख त्यांच्या दिनदर्शिकेत नसते.

आता अनुमानित उत्पन्नाविषयी. २०१६ च्या अर्थसंकल्पाने आणलेले कलम ४४ एडीए हे छोट्या व्यावसायिकांसाठी वरदान ठरले, यात शंका नाही. वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, गृहसजावटकार यांना आणि नंतर अधिसूचित केलेल्या माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलावंत आदी व्यवसायांना या कलमाचा लाभ मिळतो. जमा रक्कम पन्नास लाखांपर्यंत, आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल तर पंच्याहत्तर लाखांपर्यंत असली की निम्मी रक्कम नफा दाखवायची; वह्या ठेवायला नकोत, पावत्या जपायला नकोत. पण यादी जुन्या काळातील व्यवसायांची आहे. चित्रपटाचे संवाद लिहिणारा तिच्यात बसतो, जाहिरातीचा किंवा संकेतस्थळाचा मजकूर लिहिणारा बसतो की नाही यावर सल्लागारांत मतभेद आहेत. शिकवणी घेणारे, भाषांतर करणारे, छायाचित्रे काढणारे यांचेही तेच. व्यापाऱ्यांसाठी कलम ४४ एडी आहे, पण त्यातून दलाली आणि कमिशनचे उत्पन्न वगळलेले आहे. तेव्हा विमा एजंटाने हिशेब ठेवण्याला पर्याय नाही.

याहून गंभीर दोष या कलमाच्या पोटात आहे. निम्म्यापेक्षा कमी नफा झाला असेल, तर तसे दाखवायची मुभा आहे; पण मग वह्या ठेवून सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल, तरच ही अट लागत नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी तोट्यात असलेल्या नवख्या व्यावसायिकाला त्यामुळे संरक्षण मिळते. नोकरदाराला मात्र ते कधीच मिळत नाही, कारण त्याचा पगारच त्या मर्यादेच्या वर असतो आणि एकूण उत्पन्नात पगार धरला जातो. नोकरी करून दोन लाखांची वास्तुरचनेची कामे घेणाऱ्या, त्यातले दीड लाख आराखडे काढणाऱ्या मदतनीसाला देणाऱ्या अभियंत्यापुढे दोनच पर्याय राहतात. न झालेल्या पन्नास हजारांच्या नफ्यावर कर भरायचा किंवा दोन लाखांच्या जमेसाठी लेखापरीक्षणाचे शुल्क मोजायचे. हा हेतुपुरस्सर अन्याय नसावा. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माणूस एकतर नोकरदार किंवा व्यावसायिक असा होता; दोन्ही असलेला माणूस त्यांना दिसलाच नाही.

तसेच करप्रणालीच्या निवडीचे. केवळ पगार असणाऱ्याला जुनी की नवी प्रणाली हे दरवर्षी ठरवता येते. घरकर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते, घरभाडे भत्ता यांचा हिशेब करून एक वर्ष जुनी, एक वर्ष नवी, असे करणारे पुष्कळ आहेत. व्यवसायाचे उत्पन्न विवरणपत्रात आले की ही मोकळीक संपते. जुनी प्रणाली हवी असेल, तर ठरलेल्या मुदतीत वेगळा अर्ज भरावा लागतो आणि त्यातून एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. मुदत चुकली तर नवी प्रणाली आपोआप लागते. वीस हजारांच्या भाषांतरामुळे पगारावरील सगळ्या वजावटींचे भवितव्य बदलू शकते, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल? सोपे विवरणपत्रही हातचे जाते. 'सहज' या नावाचा आयटीआर-१ वापरता येत नाही. अनुमानित पद्धत असेल तर आयटीआर-४, नाही तर आयटीआर-३ हा भलामोठा नमुना. मग काही जण हे उत्पन्न 'इतर स्रोत' या सदरात दाखवून मोकळे होतात. वर्षातून एखाद्या व्याख्यानाचे मानधन मिळाले, तर ते तसे दाखवणे ठीक आहे. दरमहा नियमित येणारे शुल्क त्या सदरात दाखवणे टिकणारे नाही.

जुना शिरस्ता, म्हणजे पत्नीच्या नावावर बिले करणे, अजूनही सुचवला जातो. काम ज्याचे, उत्पन्न त्याचे, हे कराचे मूलभूत तत्त्व आहे. काम पतीने केले आणि पैसे पत्नीच्या खात्यात वळवले, तर ते पतीचेच उत्पन्न धरले जाते. पत्नी खरोखरच काम करत असेल, तिच्याकडे त्या कामाचे ज्ञान असेल आणि ग्राहकाशी व्यवहार तिचाच असेल, तर प्रश्न येत नाही. पण अशा घरांत कागदावरचे नाव आणि रात्री संगणकापुढे बसणारी व्यक्ती बहुधा वेगवेगळी असते.

वस्तू व सेवा कराची धास्ती मात्र अनाठायी आहे. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे आणि तीत पगार धरला जात नाही. महाराष्ट्रातील व्यवसाय कर पगारातून वर्षाला अडीच हजार कापला जात असेल, तर राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार एका व्यक्तीकडून एका राज्याला घेता येणारी कमाल रक्कम तेवढीच आहे.

सरकारी नोकरांचा प्रश्न वेगळा. केंद्राच्या १९६४ च्या आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार खासगी व्यवसायाला पूर्वपरवानगी लागते. केंद्राच्या नियमांत प्रासंगिक साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक कामाला काही मोकळीक आहे. शाळाशिक्षकांना तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ खासगी शिकवणी घेण्यास थेट मनाई करते. म्हणून अशा शिकवणीचे उत्पन्न करपात्र राहत नाही, असे मात्र नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, 'करनिर्धारण वर्षा'ऐवजी 'करवर्ष' हा शब्द आला, भाषा काहीशी सुटसुटीत झाली. जोडकाम करणाऱ्यांच्या वरील अडचणी मात्र जुन्या कायद्यातून नव्यात जशाच्या तशा उतरल्या. वास्तविक, साठ वर्षांनी कायदा नव्याने लिहिताना ही संधी होती. लेखापरीक्षणाची अट पाहताना पगार वगळून फक्त व्यवसायाची जमा पाहावी, ही दुरुस्ती एका ओळीची आहे आणि तिने सरकारचा महसूल बुडत नाही. जोडकमाई ठरावीक रकमेच्या आत असेल, तर करप्रणाली दरवर्षी निवडण्याचा पगारदाराचा हक्क अबाधित ठेवता आला असता. व्यवसायांची यादी नव्याने करणे तर अधिसूचनेचे काम आहे. आयटीआरच्या नमुन्यांत समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी स्वतंत्र व्यवसाय संकेतांक देण्याइतकी दक्षता खाते दाखवते. भाषांतरकार आणि शिक्षक अनुमानित पद्धतीत बसतात की नाही, एवढेही ते सांगू शकते. बारा लाखांच्या रेषेवरील तीव्र चढ कमी करायचा, तर सीमांत सवलतीचा पट्टा रुंद करावा लागेल आणि त्याला पैसे लागतील. तो निर्णय राजकीय आहे.

मालकांच्या बाजूने एक गोष्ट तातडीने होऊ शकते. अन्य उत्पन्न कळवण्याच्या नमुन्यात फक्त रक्कम आणि कापलेला कर विचारावा, स्रोत विचारू नये आणि ती माहिती लेखा विभागापुरतीच राहील अशी लेखी हमी द्यावी. परवानगी देण्याचे धोरण असलेल्या कंपन्यांनी तरी हे करण्यास हरकत नसावी.

ज्यांनी मागील वर्षांची जोडकमाई विवरणपत्रात दाखवलीच नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तिची मुदत संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चोवीस महिन्यांवरून अठ्ठेचाळीस महिन्यांवर नेली. पहिल्या वर्षात भरल्यास राहिलेला कर आणि व्याज यांच्या पंचवीस टक्के जादा कर द्यावा लागतो, दुसऱ्या वर्षात पन्नास, तिसऱ्यात साठ आणि चौथ्यात सत्तर टक्के. म्हणजे २०२२-२३ या आर्थिक वर्षाची राहून गेलेली कमाई ३१ मार्च २०२८ पर्यंत दाखवता येईल. मात्र ३१ मार्च २०२७ नंतर जादा कराचा दर साठऐवजी सत्तर टक्के होईल. हे विवरणपत्र परतावा मागण्यासाठी किंवा कर कमी करून घेण्यासाठी भरता येत नाही. न दाखवलेले उत्पन्न खात्याने स्वतः शोधून काढले, तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या पन्नास टक्के आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास दोनशे टक्के दंडाची तरतूद आहे.